पहिला पाना कुणाच्या हाताखाली धरायचा?

पत्राचा गोषवारा: कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाजवळ राहणाऱ्या १९ वर्षांच्या मुलानं लिहिलं आहे. आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड तो यंदा चांगल्या गुणांनी पास झाला. घरी आईवडील, दहावीतली बहीण आणि दीड एकर ऊस. त्याच्यापुढे तीन वाटा आहेत. पुण्यात एका मोठ्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये वर्षभराची ॲप्रेंटिसशिप मिळते आहे. स्टायपेंड साडेनऊ हजार, पण त्यातले सात हजार कॉट बेसिस आणि मेसमध्ये जातील. तालुक्यातल्या ६१ वर्षांच्या मिस्त्रींनी "उद्यापासून ये" म्हटलंय, सुरुवातीला आठवड्याला हजार रुपये देतील. त्यांचा मुलगा दुसऱ्या धंद्यात आहे, गॅरेज पुढे चालवणारं कुणी नाही. तिसरी वाट चाकणची. चुलतभाऊ तिथे ठेकेदारामार्फत कारखान्यात लाइनवर आहे. तो म्हणतो, हातात अठरा हजार पडतील. वडिलांना चाकण पटतंय, "मळक्या कपड्यातल्या पोराला कोण मुलगी देणार" असं ते म्हणतात. मित्र विचारतात, आयटीआय करून पुन्हा गॅरेजात पोऱ्या म्हणून राबणार का? पत्राचा शेवट असा: "पहिलीच जागा चुकली तर आयुष्य चुकेल अशी भीती वाटते. कुठे जाऊ ते एकदाच सांगा."

मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिन्ही ठिकाणचे पैसे तू रुपयापर्यंत लिहिलेस, लोक काय म्हणतील तेही लिहिलंस. पण सकाळी अकरा वाजता त्या ठिकाणी तुझ्या हातात नेमकं काय असेल, हे पत्रात कुठेच नाही. ते तुला ठाऊक नाही, कारण तिन्हीपैकी एकाही जागी तू अजून दिवसभर उभा राहिलेला नाहीस. मी आयटीआयमध्ये २९ वर्षं शिल्पनिदेशक होतो, त्याआधी चार वर्षं गॅरेजात. दर वर्षी निकालानंतर पोरं हाच प्रश्न घेऊन यायची आणि जवळपास प्रत्येक जण आधी पगाराचा आकडा सांगायचा.

आधी तुझ्या भीतीबद्दल बोलू. पहिली जागा चुकली तर आयुष्य चुकत नाही. या धंद्यात माणसं जागा बदलतात आणि त्यात कमीपणा कुणी मानत नाही. पण पहिल्या दोन वर्षांत हाताला जी सवय लागते ती फार चिवट असते. बोल्ट बसवताना आधी बोटांनी दोन-तीन आटे फिरवायचे आणि मगच पाना लावायचा, ही सवय ज्याला पहिल्या जागी लागली त्याच्या हातून ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे सहसा जात नाहीत. आणि ज्यानं पहिल्या दिवसापासून ड्रेन प्लगवर, म्हणजे ऑइल सोडायच्या बोल्टवर, थेट नट आवळायची गन लावलेली पाहिली, तो चाळिशीतही तेच करतो. मग ऑइल गळतं आणि गिऱ्हाईक तुटतं. म्हणून जागा निवडताना तिथे तुझ्या हाताला कोणती सवय लागेल, ते बघ.

माझंच सांगतो. १९७९ साली मी कोल्हापुरातल्या एका गॅरेजात लागलो. तिथले मिस्त्री हुशार होते, फियाटचं इंजिन नुसतं ऐकून दोष सांगायचे. पण ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर उघडून पॉइंटमध्ये फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालायची वेळ आली की मला हाक यायची, "जा, चार चहा सांगून ये." मी परत येईपर्यंत झाकण बसलेलं असायचं. आठ महिने मी तिथे काढले आणि पॉइंटचा गॅप किती ठेवतात हे मला शेवटी पुस्तकातून कळलं. दुसऱ्या गॅरेजात पैसे कमी होते. तिथले मिस्त्री डबा खाताना जळालेला व्हॉल्व्ह माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "हा का जळला असंल, सांग." मी चुकायचो. ते उत्तर सांगत नसत, दुसऱ्या दिवशी परत तेच विचारत. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारा भाग, घट्ट राहिलं की व्हॉल्व्ह पूर्ण टेकत नाही आणि फटीतून जाणाऱ्या गरम गॅसनं त्याची कडा जळते, हे मी तिसऱ्या दिवशी सांगितलं. ते आजही विसरलेलो नाही. दोन्ही गॅरेजं पत्र्याचीच होती, गाड्याही त्याच. फरक एवढाच की एका ठिकाणी मला गाडी उघडताना उभं राहू दिलं आणि दुसऱ्या ठिकाणी नाही.

तुझ्या मनात एक मांडणी पक्की दिसते: सर्व्हिस सेंटर म्हणजे शिक्षण आणि गॅरेज म्हणजे पोऱ्याकाम. ही मांडणी अर्धीच खरी आहे. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नव्या पोराचे पहिले महिने बहुतेक वेळा ऑइल-फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक साफ करणं, नव्या गाड्यांची डिलिव्हरीआधीची तपासणी यातच जातात. काम जॉब कार्डवर येतं, प्रत्येक कामाला वेळ ठरलेला असतो, फ्लोअर इन्चार्जचं लक्ष घड्याळावर असतं. बिघडलेला भाग बहुतेक वेळा दुरुस्त करत नाहीत, बदलतात. गिअरबॉक्स उतरला तर तो जुन्या टेक्निशियनच्या बेवर (कामाच्या जागेवर) जातो, तुझ्याकडे नाही. पण तिथे जे मिळतं ते तालुक्याला मिळणं अवघड आहे. चाकाचा नट टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेल्या जोरानं, आवळल्याशिवाय काम पूर्ण मानत नाहीत. सर्व्हिस मॅन्युअल उघडून बघायची लाज वाटत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरमधला दोषाचा कोड वाचणारा स्कॅनर असतो.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमांच्या, आहेत आणि त्यांचं दुखणं वेगळं आहे. डिझेल गाडी रोज पाच-सहा किलोमीटरच फिरली, तर सायलेन्सरच्या वाटेवरच्या फिल्टरमध्ये काजळी साचत जाते. ती जाळून टाकायला इंजिन पुरेसा वेळ पुरेसं गरम चालावं लागतं. हे ज्याला माहीत नाही तो डॅशबोर्डवर बत्ती लागली की सेन्सर बदलून बघतो आणि मालकाचे हजारो रुपये घालवतो. इलेक्ट्रिक कारचं तर विचारूच नकोस. नारिंगी रंगाच्या केबलमध्ये शेकडो व्होल्ट असतात, शिकल्याशिवाय तिला हात लावायचाच नाही.

आता गॅरेजचं सांगतो. तालुक्याच्या गॅरेजात आज बोलेरो, उद्या छोटा हत्ती, हंगामात उसाचे ट्रॅक्टर, मध्येच कुणाची तरी वीस वर्षं जुनी जीप. आपल्याकडे घाट जवळ, त्यामुळे क्लच प्लेट आणि ब्रेकचं काम तुला पोटभर बघायला मिळेल. पण मला त्याहून मोठी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये तू नट आवळलेली गाडी गेटबाहेर गेली की पुन्हा तुझ्यासमोर येईलच असं नाही. परत आली तरी ती दुसऱ्याच्या बेवर लागेल. तालुक्याला तसं होत नाही. शनिवारी तू बसवलेलं बेअरिंग सोमवारी आवाज करत परत येतं, मालक बाजारात भेटून विचारतो, आणि ते पुन्हा उघडून तुलाच बघावं लागतं. आपलं काम टिकलं की नाही हे ज्याला कळत राहतं तोच मेकॅनिक सुधारतो. सतत नव्या गाड्या पुढे येत राहिल्या तर हात वेगवान होतो, पण चूक कुठे झाली होती ते कधी कळतच नाही.

तरी प्रत्येक मिस्त्री शिकवणारा असतो असं नाही, हे मी स्वतः भोगलंय. म्हणून तुझे मिस्त्री कसे आहेत ते तुलाच तपासावं लागेल. एखादी पेट्रोल गाडी 'मिसिंग' मारत, म्हणजे एखादा सिलिंडर नीट न पेटता, आली की ते काय करतात ते बघ. ठिणगीला वीज देणाऱ्या चारही कॉइल बदलून टाकायला सांगितल्या, तर जपून राहा. पण एका सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्यावर लावली आणि मिसिंग तिच्याबरोबर सरकतं का ते पाहिलं, तर हा माणूस विचार करून काम करतो. स्कॅनरवर पी०३०१ दिसलं की पहिल्या सिलिंडरचं मिसिंग आहे एवढंच कळतं. दोष कॉइलचा, प्लगचा, इंजेक्टरचा की कॉम्प्रेशनचा, हे शोधायला डोकंच लागतं, आणि ते डोकं साध्या पान्यांतूनही शिकवता येतं. हाताखालच्या पोराकडून बोल्ट तुटला तर ते शिवी देतात की तुटलेला बोल्ट कसा काढायचा ते दाखवतात, तेही बघ. आणि सगळ्यांत महत्त्वाचं विचारायचं ते असं: त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आज कुठे आहेत? तिघा-चौघांनी स्वतःची गॅरेजं टाकली असतील, तर त्याहून मोठं प्रमाणपत्र कुठलं बोर्ड देऊ शकत नाही. दर सहा महिन्यांनी पोरं सोडून गेली असतील, तर त्यातल्या एकाला गाठून का ते विचार.

एक गोष्ट मात्र कुठेही चालवून घेऊ नकोस. गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरायची पद्धत जिथे आहे तिथून परत फीर. जॅकखेरीज स्टँड, आपण ज्याला घोडी म्हणतो, ती लावलीच पाहिजे. मी शिकत असताना एका गॅरेजात जॅक सरकला आणि माझ्याच वयाच्या मुलाची दोन बोटं गेली. त्या दिवशी तिथे घोडी होती. भिंतीला टेकवून ठेवलेली होती, कारण गिऱ्हाईकाला घाई होती. इतकी वर्षं झाली, वर्गात हे सांगताना माझा आवाज दर वेळी बदलायचा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवणं, पेट्रोलनं हात धुणं हेही तसंच. जिथे तुला यावरून हसतील तिथे राहू नकोस.

सर्व्हिस सेंटरलाही हीच कसोटी लाव. दुपारी जेवणाच्या सुट्टीत गेटवर जा आणि आधीच्या ॲप्रेंटिस पोरांशी बोल. सहाव्या महिन्यात काय काम मिळालं, इंजिन उघडताना कधी उभं राहू दिलं का, कंपनीच्या ट्रेनिंगला पाठवलं का, की वर्षभर वॉशिंगलाच ठेवलं, हे ती पोरं दहा मिनिटांत खरं सांगतात. एचआरच्या केबिनमध्ये ते कळत नाही. मुलींनी याच भेटीत कपडे बदलायची जागा, स्वच्छतागृह आणि संध्याकाळी सुटायची वेळही स्पष्ट विचारून घ्यावी. या ट्रेडला येणाऱ्या मुली वाढताहेत, पण सगळ्या वर्कशॉपांना अजून त्याची सवय झालेली नाही.

चाकणबद्दल मी वाईट बोलणार नाही. तुझा भाऊ प्रामाणिक कष्टाचं खातो. पण ते काम मेकॅनिकचं नाही. लाइनवर एका स्टेशनला एक काम असतं, गाडी समोर येते, ठरलेले बोल्ट नटरनरनं आवळायचे, गाडी पुढे जाते. बिघाड शोधणं तिथे तुझ्या वाट्याला येत नाही. ठेकेदाराकडे काही महिन्यांनी ब्रेक, पुन्हा नवा ठेकेदार, हे चक्रही असतं. घरची निकड खरीच मोठी असेल तर जरूर जा, पण मग पगाराची स्लिप, पीएफचा यूएएन नंबर आणि ईएसआय हे तिन्ही मिळतंय ना ते पहिल्या महिन्यातच बघ. आणि घरी बसून तारीख ठरव: बहिणीची दहावी होईपर्यंत, की बारावीपर्यंत. तारीख न ठरवता गेलेली माझी काही पोरं दहा वर्षांनी भेटली. दोन वर्षं वर्कशॉपमध्ये शिकलेलं हातातून गेलेलं होतं, आणि त्याचं दुःख त्यांनीच बोलून दाखवलं.

पैशांचा हिशेब तुझ्याच आकड्यांनी करू. चाकणला अठरा हजारांतून तोच सात हजारांचा खर्च गेला की अकरा उरतात. पुण्याला अडीच हजार. गॅरेजात महिन्याला चार हजारांच्या वर, कारण जेवण-झोप घरची. म्हणजे ज्या जागेला तू सर्वांत फाटकी समजतोस ती पुण्यापेक्षा जास्त पैसे घरात ठेवते. वडिलांना हा हिशेब कागदावर दाखव. घराला दर महिन्याला तुझ्याकडून नेमके किती रुपये हवेत आणि कधीपर्यंत, हेही त्यांना विचार. बऱ्याच घरांत हा आकडा कुणी मोठ्यानं सांगितलेलाच नसतो आणि पोरगा मनातल्या मनात तो दुप्पट करून ठेवतो.

मुलीच्या बापाबद्दल वडील म्हणाले तेही मनाला लावून घेऊ नकोस, त्यांची काळजी खोटी नाही. पण मला वाटतं त्यांना ग्रीसचा डाग खुपत नाही, उद्याचं उत्पन्न दिसत नाही हे खुपतं. तीन वर्षांनी तू कुठे असशील हे त्यांना चार ओळींत सांगता आलं, तर बोलणं बदलेल.

आता एक विचारतो. ॲप्रेंटिसशिप म्हणजे पुणेच, हे कुणी ठरवलं? कोल्हापुरातही अधिकृत सर्व्हिस सेंटर आहेत. एसटीही आयटीआयच्या मुलांना ॲप्रेंटिस म्हणून घेते. विभागीय कार्यशाळा आहे, आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथे मोठ्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. एसटीत हात अवजड गाडीवर बसतो, इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सुटे करून पुन्हा बांधलेले बघायला मिळतात. कोल्हापूरच्या आयटीआयमध्ये जाऊन ॲप्रेंटिसशिपचं काम बघणाऱ्या बीटीआरआय कार्यालयात चौकशी कर, कुठे जागा आहेत ते तिथे कळेल. घरून किंवा नातेवाइकाकडून जाता आलं, तर तुझे सात हजार वाचतात.

ॲप्रेंटिसशिपबद्दल काही गोष्टी तुझ्यासारख्या सगळ्यांनीच नीट समजून घ्याव्यात. ती ॲप्रेंटिसेस ॲक्ट, १९६१ खालची असेल तर पोर्टलवर नोंदलेला करार असतो, तो मागून घ्या आणि वाचा. कायद्यानं ॲप्रेंटिस कामगार नसतो, शिकाऊ असतो. म्हणून पीएफ-ईएसआय नसतं आणि वर्ष संपल्यावर नोकरी द्यायचं बंधनही मालकावर नसतं. काम करताना दुखापत झाली तर भरपाईची जबाबदारी मात्र मालकाची. शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं, आणि एसटी-रेल्वेसारख्या भरतीत ते कामाला येतं. तोंडी "ट्रेनी म्हणून ये" म्हणणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. आणि कुठेही, कितीही मोठी काच लावलेलं शोरूम असलं तरी, मूळ मार्कलिस्ट आणि प्रमाणपत्र जमा करू नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवून परत घ्या. कोऱ्या बाँडवर सही नको.

तू 'एकदाच सांगा' म्हणालास, म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. ॲप्रेंटिसशिपचं वर्ष सोडू नकोस, पण ते पुण्याऐवजी कोल्हापुरात मिळतंय का ते आधी बघ. त्या धावपळीत महिना-दोन महिने जातील. ते घरी न घालवता उद्याच मिस्त्रींकडे जा. लपवाछपवी करू नकोस, सरळ सांग: "काका, ॲप्रेंटिसशिप लागेपर्यंत येतो, वर्षभरानं परत यायची इच्छा आहे, चालेल का?" त्यांच्या उत्तरातूनच पुष्कळ कळेल. माझ्या दुसऱ्या मिस्त्रींसारखे ते निघाले, तर वर्षभर दर सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन उभा राहा. त्यांचं वय ६१ आहे. त्यांच्या कानात आणि बोटांत जे आहे ते कुठल्या मॅन्युअलमध्ये छापलेलं नाही, आणि घ्यायला घरात कुणी नाही. वर्षानंतर स्कॅनरचं ज्ञान घेऊन तू त्यांच्याकडे परत गेलास, तर ते गॅरेज तुझ्या हाती येण्याची शक्यता मला पुण्यातल्या कुठल्याही बढतीपेक्षा खरी वाटते. ते शिकवणारे नाहीत असं आठ दिवसांत दिसलं, तर आदरानं निरोप घे. तुझं नुकसान आठ दिवसांचंच.

दरम्यान चारचाकीचं लायसन्स काढ. ते नसलं तर कुठलाच मालक तुला गाडीची ट्रायल मारू देणार नाही, आणि ट्रायल न मारता दुरुस्ती शिकता येत नाही. महागडा सॉकेट सेट घ्यायची घाई करू नकोस. रिंग आणि फिक्स पान्यांचा एक बरा सेट, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि टेस्टर पुरेत.

पहिल्या दिवशी जाताना हातातलं कडं आणि अंगठी घरी काढून ठेव. बॅटरीवर काम करताना पाना आणि कडं एकदम टेकलं तर मनगटापर्यंत भाजतं. शंभर पानी वही घे. रोज प्रत्येक गाडीची एक ओळ लिही: नंबर, किलोमीटर, मालकानं त्याच्या शब्दांत सांगितलेली तक्रार, उघडल्यावर काय सापडलं, काय बदललं. शेवटी एक रकाना आख, 'गाडी परत आली का?' तो त्या दिवशी रिकामाच ठेव आणि महिनाभरानं भर.